जब्याचे गारेगार आणि आमची चूक



एप्रिल महिना लागला की आमच्या वस्तीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक, जयंतीची वर्गणी. आणि दुसरी, पोरांची भुणभुण, "आई, गारेगारला पैसे दे." गतवर्षी आम्ही या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. विहारात ११ ते १४ एप्रिल, म्हणजे महात्मा फुले जयंती ते बाबासाहेबांची जयंती, असे चार दिवसांचे बाल-किशोर शिबिर घेतले आणि त्यात मुलांकडूनच गारेगार तयार करवून घेतले. ते कसे केले, कसे बिघडले, कोणी सुधारले आणि त्यात आमच्या हातून कोणती चूक झाली हे सर्व सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. कृती शेवटी दिली आहे. ज्या भगिनींना नुसती कृतीच हवी आहे त्यांनी तेवढी वाचली तरी चालेल. पण मधला मजकूरही वाचावा, ही विनंती.

पडद्यावरची पोरे आणि आम्ही

१९९१ साली बाबासाहेबांची जन्मशताब्दी साजरी झाली तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. त्या वर्षी जयंतीच्या रात्री मिरवणूक आटोपल्यावर गावातल्या आमच्या वस्तीत भाड्याने व्हीसीआर आणला होता. एका रात्रीत तीन चित्रपट! पहिला सामाजिक, म्हाताऱ्या माणसांसाठी. मग 'कयामत से कयामत तक' आणि पहाटे पहाटे 'मैंने प्यार किया'. डोळे चोळत चोळत आम्ही ते पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तीतला प्रत्येक पोरगा केस पाण्याने चापून बसवू लागला. पुढच्याच वर्षी 'जो जीता वही सिकंदर' आला. सायकलची शर्यत पाहून आम्हीही भाड्याच्या सायकली पळवल्या आणि गुडघे फोडून घेतले.

तो काळ आठवला की आजही मजा वाटते. पण मोठे झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. त्या चित्रपटांतला कोणताही नायक आमच्या वस्तीतला नव्हता. गरीब नायक असायचा, नाही असे नाही. पण त्याची जात कोणी विचारत नसे आणि तोही कधी सांगत नसे. आमची तर शाळेच्या हजेरीपटातच लिहिलेली होती.

मराठीत शाळकरी वयावरचे चांगले चित्रपट अलीकडे आले. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा 'शाळा' २०१२ साली आला. 'टाइमपास' २०१४ च्या जानेवारीत आला. आणि त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला. त्या दिवशी सारी तरुण मंडळी प्रेमाचा दिवस साजरा करीत होती आणि पडद्यावर कैकाडी समाजाचा जब्या वर्गातल्या शालूसाठी झुरत होता. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. या चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जब्या झालेला सोमनाथ अवघडे उत्कृष्ट बालकलाकार ठरला. शाळकरी वयाच्या प्रेमाचा चित्रपट पाहताना आमच्या पिढीला पहिल्यांदाच वाटले की, अरे, हा तर आपल्या बाकावरचा पोरगा!

म्हणून शिबिराच्या पहिल्या रात्री, ११ एप्रिलला, आम्ही विहारात एका कार्यकर्त्याच्या घरचा मोठा टीव्ही आणून मुलांना 'फँड्री' दाखवला. आठवी ते दहावीची पस्तीस-चाळीस मुले-मुली होती. मागे आयाबाया बसल्या होत्या.

जीन्ससाठी विकलेले गारेगार

चित्रपट पाहिलेल्यांना आठवत असेल. जब्याला जीन्सची पँट हवी असते. बापाकडे पैसे मागायची सोय नाही, कारण घरात बहिणीच्या लग्नाची काळजी. मग तो चंक्याची सायकल घेऊन बर्फाच्या कांड्या विकायला निघतो. चार पैसे गाठीला बांधावेत आणि पँट घ्यावी एवढाच त्याचा हिशेब. पण ती सायकल गाडीखाली जाते आणि हिशेब तिथेच संपतो.

दुसरीकडे तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरत असतो. तिला जाळून तिची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते, असे त्याच्या डोक्यात कोणी तरी भरवलेले. आम्ही मुलांना विचारले, "जब्याचे काय चुकले?" एक नववीतली मुलगी उठून म्हणाली, "काका, गारेगार विकले ते बरोबर. राखेवर विश्वास ठेवला ते चूक." टाळ्या पडल्या. बावीस प्रतिज्ञा पाठ करणाऱ्या घरातली पोर ती. आम्हाला फार बरे वाटले.

शेवटी डुक्कर काठीला बांधून जब्याचे सारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर बाबासाहेबांचे, जोतीराव-सावित्रीमाईंचे चित्र. आणि मग जब्याने भिरकावलेला तो दगड! खोलीत कोणी बोलेना. पुढच्या रांगेत बसलेला एक मुलगा, नववीतला, मान खाली घालून बसला होता. तेव्हा आम्हाला त्याचे कारण कळले नाही.

मुलांचे मन थोडे हलके करावे म्हणून आम्ही जाहीर केले, "उद्या आपण जब्याचे गारेगार बनवायचे. आणि १४ तारखेला मिरवणुकीत वाटायचे!" मग मात्र एकच गलका झाला.

फळीवर ठेवलेली कांडी

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. उन्हाळ्यात दुपारी गारेगारवाला सायकलवर यायचा. मागे लाकडी पेटी, आत भुसा आणि गोणपाट, पेटीचे झाकण आपटून तो लांबलचक हाळी द्यायचा. लाल, पिवळी, नारिंगी अशा कांड्या. चार आण्याला एक. चोखून चोखून लाल रंग संपला की पांढरा बर्फ उरायचा. मग जिभा बाहेर काढून कोणाची जास्त लाल झाली ते पाहायचे.

हे सारे गोड. पण एक गोष्ट गोड नव्हती. गावातल्या पोरांना तो कांडी हातात द्यायचा. आम्ही गेलो की आधी पैसे पेटीच्या फळीवर ठेवायला सांगायचा, त्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडून ते उचलायचा आणि कांडी फळीवर ठेवायचा. उन्हाने ती भराभर वितळायची. आम्ही झडप घालून उचलायचो. त्या वेळी तो एक खेळच वाटायचा, कोण लवकर उचलतो याचा. तो खेळ नव्हता हे समजायला बाबासाहेब वाचावे लागले.

बाबासाहेबांनी स्वतःच्या लहानपणाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. शाळेत तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी जाताना मसूर स्टेशनावर उतरून ही भावंडे बैलगाडीने निघाली. बरोबर डबा होता, अन्न भरपूर होते. पण वाटेत त्यांना कोणी पाणी देईना आणि पाण्यावाचून अन्न तसेच राहिले. दहा वर्षांच्या आतल्या लेकराने ती रात्र उपाशी काढली. त्याच लेकराने मोठे होऊन २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे तळे 'शुद्ध' करून घेणारेही निघाले आणि कोर्टकज्जे होऊन १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

तेव्हा वाचकहो, गारेगार म्हणजे तरी काय? गोठलेले पाणीच! म्हणून आम्ही शिबिरात पहिला नियम केला. आपले गारेगार हातातून हातात द्यायचे. फळीवर, ताटात काही ठेवायचे नाही. आणि रस्त्याने जाणारा कोणीही असो, जात-धर्म न विचारता द्यायचे.

पहिला प्रयत्न फसला

१२ एप्रिलला सकाळी कामाला सुरुवात झाली. आमचा पेशा कारकुनाचा. जमाखर्च आम्हाला कळतो, स्वयंपाक नाही. तरी सौ.ने "मी करून देते" म्हटले असता आम्ही मोठ्या ऐटीत "मुले आणि मी पाहून घेऊ" असे उत्तर दिले.

पाण्यात अंदाजाने साखर, लिंबू, थोडा रंग घातला. कागदी पेल्यांत ओतून, काड्या खोचून तीन घरांच्या फ्रीजमध्ये वाटून ठेवले. संध्याकाळी काढले तर काय? निम्म्या काड्या वाकड्या. कांडी दगडासारखी कडक. दोनदा चोखली की सगळी गोडी पोटात आणि हातात नुसता पांढरा बर्फ. शिवाय एका घरची कांडी बोंबलाच्या वासाची निघाली, कारण त्या माउलीने खालीच बोंबील ठेवले होते! पोरे हसून हसून लोळली.

आणि दोनशे कांड्यांचे काय? तीन फ्रीजमध्ये दिवसाला जेमतेम तीस होणार. १४ तारीख तर परवावर आलेली.

आमची चूक

इथे आमच्या हातून घडले ते सांगतो. लपवून उपयोग नाही.

आदल्या रात्री मान खाली घालून बसलेला तो मुलगा. त्याचे वडील उन्हाळ्यात हातगाडीवर कुल्फी आणि कांड्या विकतात, पावसाळ्यात मका भाजतात. आई धुणीभांडी करते. आम्हाला हे ठाऊक होते. आमची अडचण झाली तेव्हा पटकन आठवले आणि आम्ही भर शिबिरात, चाळीस पोरांसमोर मोठ्याने म्हणालो, "अरे, आपल्यातच तर जब्या आहे! याचे वडील गारेगारवाले. जा रे, बाबांना बोलावून आण."

मुले हसली. हसण्यात वाईट हेतू नव्हता. दोघा-तिघांनी "जब्या, जब्या" अशी हाकही मारली. तो मुलगा उठला आणि चपला घालून निघून गेला. बाबांना बोलवायला नव्हे. तो परत आलाच नाही.

घरी आल्यावर सौ.ने आम्हाला चांगलेच फैलावर घेतले. "तुमची पोरगी त्याच्याच वर्गात आहे. तिला विचारा तो शाळेत कसा जातो ते." मुलीने सांगितले. शाळेच्या फाटकासमोर वडिलांची गाडी असते म्हणून तो मागच्या गल्लीने, गटाराच्या भिंतीवरून उडी मारून शाळेत जातो. वर्गात त्याने सांगितले आहे की बाबा कंपनीत आहेत.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. वीस वर्षे आम्ही समाजकार्य करतो, व्यासपीठावर स्वाभिमानावर बोलतो. आणि एका चौदा वर्षांच्या पोराचे झाकून ठेवलेले दुखणे आम्ही आमच्या सोयीसाठी उघडे केले. 'फँड्री' पाहताना आपण जब्याच्या बाजूने असतो. त्याला "फँड्री, फँड्री" म्हणून चिडवणाऱ्या गर्दीचा आपल्याला राग येतो. आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या गर्दीत उभे होतो.

गाडीवाल्या भावाच्या घरी

१३ तारखेला सकाळी लवकर आम्ही त्यांच्या घरी गेलो. वडील गाडीसाठी बर्फ फोडत होते. मुलगा पोटमाळ्यावर होता, खाली आला नाही. आम्ही मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असे म्हणालो, "काल मी चुकलो. चार माणसांत बोललो, तर चार माणसांतच माफी मागेन."

वडील बर्फ फोडायचे थांबले. म्हणाले, "भाऊ, पोरगं लाजतं ते मला ठावं हाय. लाजू द्या. मलाबी त्यानं ह्यो धंदा करावा असं वाटत न्हाई. त्यानं शिकावं म्हनूनच उन्हात उभा ऱ्हातो मी. पर चोरी करतोय व्हय मी? एवढं त्याला कधीतरी उमगावं."

मग त्यांनी आम्हाला समोर बसवून गारेगाराची सारी विद्या सांगितली. आमचे काय चुकले तेही दाखवले. साखर अंदाजाने घालायची नसते. कमी पडली की कांडी दगड होते, जास्त झाली की गोठतच नाही. घरचा फ्रीज हळूहळू गोठवतो, त्यामुळे पाण्याचा बर्फ वेगळा होतो आणि गोड रस वेगळा साचतो. म्हणून दोन चोखण्यांत गोडी संपते. लवकर गोठवायचे तर बर्फ आणि खडेमीठ!

त्यांच्याकडे पत्र्याचे चाळीस साचे होते आणि मोठे पिंप. ते त्यांनी शिबिरासाठी दिले. एक दिवसाचा धंदा बुडवून स्वतः आले. भाड्याचे विचारले तर हात जोडले.

मिठाची करामत

दुपारी विहारात मुलांपुढे प्रयोग झाला. आधी आम्ही सर्वांसमोर उभे राहून आदल्या दिवसाबद्दल माफी मागितली. मग पिंपात बर्फ भरला आणि त्यावर मीठ टाकले. मुलांना प्रश्न पडला की मिठाने बर्फ वितळतो, मग गार कसे होईल?

त्याचे कारण असे. साधा बर्फ शून्य अंशाला वितळतो. मीठ मिसळले की तो शून्याच्याही खाली वितळू लागतो. आणि वितळायला त्याला उष्णता लागते, ती तो शेजारून ओढून घेतो. शेजारी असतो आपला साचा. त्यामुळे मिठाच्या बर्फाचे पाणी उणे दहा, उणे पंधरा अंशांपर्यंत सहज उतरते. प्रमाण अचूक असेल तर उणे एकवीसपर्यंतही जाते. बर्फाच्या कारखान्यांतही साचे मिठाच्या थंडगार पाण्यातच बुडवून ठेवतात. यात मंत्र नाही, राख नाही. कोणीही करावे, कोणाच्याही हाताला तोच गुण येतो. जब्याला काळ्या चिमणीऐवजी हे कोणी शिकवले असते तर!

पाऊण तासाने पहिला साचा वर काढला, क्षणभर साध्या पाण्यात बुडवला आणि काडी धरून ओढली. कैरीची हिरवट-पिवळी कांडी अलगद बाहेर आली. पोरांनी विहार डोक्यावर घेतले.

तो मुलगा दाराशी उभा होता. कधी आला कोणास ठाऊक. कोणी काही बोलले नाही, आम्ही तसे सर्वांना बजावून ठेवले होते. थोड्या वेळाने तो आत आला, एका पोराच्या हातातला मिठाचा डबा घेतला आणि म्हणाला, "असं एका जागी नाय टाकायचं. थरावर थर द्यायचे." एवढेच. मग रात्री नऊपर्यंत तो पिंपाजवळून हलला नाही.

घरी करण्याची कृती (सुमारे २० कांड्या)

*साहित्य :* मध्यम आकाराच्या २ कैऱ्या (सुमारे ४०० ग्रॅम), साखर २०० ग्रॅम किंवा तितकाच गूळ, पाणी ८०० मिलिलिटर, मीठ अर्धा चहाचा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, कॉर्नफ्लॉवर २ चहाचे चमचे. गोठवण्यासाठी बर्फ ५ किलो आणि खडेमीठ सव्वा किलो. बांबूच्या स्वच्छ काड्या.

*कृती :* कैऱ्या उकडून गर काढावा आणि चाळणीतून गाळावा. पाणी चांगले उकळावे. त्यात साखर विरघळवावी. कॉर्नफ्लॉवर वाटीभर गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडावे आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. याने रस किंचित दाट होतो आणि बर्फ वेगळा होत नाही. थंड झाल्यावर गर, मीठ, जिरेपूड घालावी. चव घेऊन पाहावी. तोंडाला जरा जास्तच गोड लागली पाहिजे, कारण गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते.

साचे नसतील तर स्टीलचे अरुंद पेले घ्यावेत. पेला पाऊण भरावा, कारण गोठल्यावर रस फुगतो. बादलीत बर्फाचा चुरा आणि मीठ यांचे थर द्यावेत. चार भाग बर्फाला एक भाग मीठ. त्यात पेले उभे रोवावेत. मिठाचे पाणी पेल्याच्या काठाखालीच राहील असे पाहावे. वर गोणपाट झाकावे. वीस-पंचवीस मिनिटांनी रस अर्धवट धरला की मधोमध काडी खोचावी. ती सरळ उभी राहते. साधारण तासाभरात कांडी तयार होते.

*लिंबाची कांडी करायची असल्यास* कैरीऐवजी ३ लिंबांचा रस, पाणी १ लिटर, साखर १७५ ग्रॅम. बाकी कृती तीच. कोकम घेतल्यास रंग घालावा लागत नाही.

*सूचना :* बादलीतला बर्फ बाजारचा असतो. तो फक्त बाहेरून गार करण्यासाठी, तोंडात घालू नये. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा, असा नियम महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली केला. निळा बर्फ दिसला तर मुलांना तो चोखू देऊ नये. मीठ-बर्फात उघडा हात फार वेळ ठेवू नये, कातडी भाजल्यासारखी होते. उरलेले मिठाचे पाणी झाडांच्या मुळाशी टाकू नये. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मोह आवरावा.

आता कारकुनाचा हिशेब. दोनशे कांड्यांना कैरी २४० रुपये, साखर ९०, बर्फ २५०, मीठ १५०, काड्या १०० रुपये, एकूण ८३०. म्हणजे कांडी चार रुपयांच्या आसपास पडली. जयंतीच्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्यापुढे ही रक्कम काहीच नव्हे, हे वर्गणी समितीने लक्षात घ्यावे.

हातातून हातात

१४ तारखेला दुपारी मिरवणूक नाक्यावर आली. पिंपावर पंचशीलाचा ध्वज लावला होता. मुलांना पाळ्या वाटून दिल्या होत्या. आम्ही त्या मुलाजवळ जाऊन हळूच विचारले, "तुला नको असेल तर राहू दे हं." तो म्हणाला, "काका, मी वाटायला उभा राहतो. विकायला नाय उभा राहणार." आम्ही म्हटले, "बरोबर आहे तुझे."

आणि खरोखरच बरोबर आहे. बापाने विकले म्हणून मुलानेही विकलेच पाहिजे असे सांगणारी व्यवस्थाच तर बाबासाहेबांनी नाकारली. कष्टाची लाज नको हे खरे. पण कष्टाचा गौरव करता करता मुलाला त्याच गाडीला जुंपायचे, हेही नको. हा फरक आम्हाला पुस्तकातून नाही, त्या बापलेकांकडून कळला.

पोलीस, रिक्षावाले, बसमधले प्रवासी, बुरखा घातलेल्या दोन भगिनी, नाक्यावरचा किराणा दुकानदार, सर्वांनी कांड्या घेतल्या. प्रत्येकाच्या हातात. पाऊण तासात दोनशे संपल्या. शाळेतले त्याचे दोन-तीन मित्र मिरवणुकीत होते. एकाने विचारले, "कोणी बनवल्या रे? मस्त आहेत." त्याने क्षणभर इकडे तिकडे पाहिले. मग पिंप पुसत बसलेल्या वडिलांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "माझ्या बाबांनी."

जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो फाटकातून जातो की भिंतीवरून, हे आम्ही मुलीला विचारले नाही. पुन्हा त्याच्या आयुष्यात नाक खुपसायचे नाही असे ठरवले आहे. मात्र यंदाच्या शिबिराची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा तोच घरी आला आणि म्हणाला, "काका, या वेळी कोकम पण करू."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतही येत्या जयंतीला हा प्रयोग जरूर करावा. मुलांना चित्रपट दाखवावा, त्यावर बोलू द्यावे, हाताने काही तरी करू द्यावे. कैरी उकडायला आया आहेत, बर्फ आणायला तरुण आहेत, हिशेब ठेवायला आमच्यासारखे कारकून आहेत. आणि एखादे पोर मान खाली घालून बसलेले दिसले, तर त्याला चारचौघांत हाक मारू नये. त्याच्या शेजारी जाऊन बसावे.

जयभीम! नमो बुद्धाय!